चेंडू दाबायला देऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला घेऊन घरचे फिजिओथेरपीला येतात, तेव्हा महिन्या-दीड महिन्यात हा प्रश्न येतोच: "मॅडम, आधी हात लुळा होता, आता मूठ घट्ट आवळतीय. ताकद येतीय ना? चेंडू दाबायला देऊ का?"

बोटं स्वतःहून उघडत नसतील तर नको. हा घट्टपणा ताकदीचा नाही. स्नायूंवर मेंदूचा जो लगाम असतो तो स्ट्रोकनंतर सुटतो. मग स्नायू ताणला की तो उलट आवळतो, आणि झटक्यात ओढला तर जास्तच. याला स्पास्टिसिटी म्हणतात. मूठ मिटणारे स्नायू वरचढ होतात, उघडणारे दुबळेच राहतात. चेंडू दाबून सराव होतो तो मिटण्याचा. अडलंय ते उघडणं. साधा पेला उचलायचा तरी आधी बोटं पसरावी लागतात आणि ठेवताना सोडावी लागतात.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक मावशी यायच्या, जन्मभर विड्या वळलेल्या. अंगठा मुठीत अडकलेला, तळव्यावर नखांचे व्रण, बोटांच्या बेचक्यात घामट वास. मुलगा मायेनंच, पण बोटांची टोकं धरून ओढायचा आणि त्या कळवळायच्या. त्याला मी एवढंच दाखवलं: आधी मनगट आत वाकू दे. बोटं मिटणारे स्नायूबंध मनगटावरूनच जातात, ते सैल पडतात. मग अंगठा टोकाला न धरता बुडापासून हळू बाहेर घे, त्यानंतर बोटं. धू, कोरडं कर, नखं काप. शेवटी उघडा पंजा टेबलावर टेकव आणि त्यावर थोडा भार येऊ दे. पुढे त्या परातीत ज्वारीच्या पिठावर पंजा ठेवून, वर चांगला हात धरून थापायला लागल्या. भाकरी काही गोल होत नव्हती, पण थापायला पंजा पसरावाच लागतो, म्हणून मला हा व्यायाम फार आवडतो.

"विड्या वळता येतील का?" असं त्यांनी विचारलं होतं. तसा शब्द मी देऊ शकले नाही. बोटांचं इतकं बारीक काम सगळ्यात उशिरा येतं, काहींना येतही नाही.

घट्टपणा फारच असेल तर डॉक्टर बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन सुचवतात. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो. व्यायाम त्याच काळात नेटाने करायचा, कारण सैल झालेला हात आपोआप कामाला लागत नाही. बॅक्लोफेन, म्हणजे घट्टपणा कमी करणारं औषध, चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. गरम पाण्याचा शेक देताना पाणी आधी चांगल्या हाताने बघा, लकव्याच्या हाताला चटका कळेलच असं नाही. आणि हात अचानक जास्त आवळायला लागला तर मालिशवाला शोधण्याआधी बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, कुठे जखम किंवा दुखणं आहे का ते पाहा, आणि डॉक्टरांना सांगा.