ओठ पुढे, आवाज मागे

"पहिला तास ठीक वाटतो, नंतर आवाज ओठांना जुळत नाही." क्लायंटचा निरोप एवढाच होता, पण निदानाची निम्मी वाट त्यातच होती. दीड तासाचं व्याख्यान. सभागृहाच्या मागे सेकंदाला २५ फ्रेमवर (चित्रांवर) चालणारा कॅमेरा, वक्त्याच्या कॉलरला लेपल माइक नि त्याचा वेगळा रेकॉर्डर, बाजूला स्टँडवर फोन. आधीच्या एडिटरने सिंक करून, म्हणजे आवाज चित्राशी जुळवून ठेवलेला प्रोजेक्ट माझ्याकडे आला, आणि क्लायंटला विचारून तो मी माझ्या व्हिडिओ एडिटिंगच्या वर्गात उघडला.

अशा वेळी मुलांचा हात आधी ट्रॅक सरकवायला जातो. आधी चूक मोजायची. ती सगळीकडे सारखी असेल तर एकदा सरकवून काम भागतं. एका चालीने वाढत असेल तर कॅमेरा नि रेकॉर्डरच्या आतल्या घड्याळांत तफावत आहे. एकदम उडी मारत असेल तर फ्रेम गळल्यात किंवा फाइल तुटलीय. आणि कमी-जास्त होत असेल तर संशय फोनवर.

मोजायला "प" किंवा "ब" धरावा. मिटलेले ओठ ज्या फ्रेमला उघडतात, तिथेच वेव्हफॉर्मला (पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखाला) टोक यायला हवं. "स" धरून काही कळत नाही. इथे सुरुवातीलाच आवाज साधारण एक फ्रेम (एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद) मागे निघाला.

"पण सर, दोन्ही वेव्हफॉर्म तर तंतोतंत बसल्यात!"

बसल्या होत्याच. सॉफ्टवेअरने लेपलचा आवाज कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकशी जुळवला होता, आणि कॅमेरा वक्त्यापासून १७ मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तिथे पोचायला ५० मिलिसेकंद. चित्राला तो उशीर नाही. ऑटो-सिंकला यातलं काही ठाऊक नसतं, ते फक्त आवाजाला आवाज जुळवतं.

पुढची मोजणी दोन वेव्हफॉर्ममधली, त्यामुळे सॅम्पलपर्यंत (रेकॉर्डर सेकंदाला आवाजाचे जे हजारो नमुने घेतो, त्यातल्या एकापर्यंत) अचूक. अर्ध्या तासाला ३८ मिलिसेकंद, तासाला ७५, शेवटी ११२. सरळ रेषा! रेकॉर्डरचं घड्याळ कॅमेऱ्याच्या घड्याळापेक्षा किंचित जलद होतं: सेकंदाला ४८,००० ऐवजी ४८,००१ सॅम्पल. दीड तासात ५,४०० सॅम्पल जादा, म्हणजे जवळपास तीन फ्रेम. स्वस्त रेकॉर्डरमध्ये एवढं चालायचंच.

आता क्लायंटचा "पहिला तास" पाहा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीनुसार आवाज मागे असेल तर १२५ मिलिसेकंदांच्या आसपास प्रेक्षकाला जाणवायला लागतो. पुढे असेल तर ४५लाच. मूळचे ५० आणि तासाभराचे ७५ मिळून बरोबर १२५. दोन्ही चुका एकट्याने खपून गेल्या असत्या.

दुरुस्तीसाठी एका मुलीने वेग बदलायचं सुचवलं. हिशेब बरोबर, पण हवा होता ०.००२ टक्के आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या त्या खिडकीत दोनच दशांश मावतात. म्हणून आधी संपूर्ण लेपल ट्रॅक एक फ्रेम आधी, म्हणजे डावीकडे सरकवला. मग साधारण दर अर्ध्या तासाला वक्ता थांबतो अशी जागा शोधून तिथली एक फ्रेम शांतता कापली आणि सांध्यावर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढत जाणारा जोड) दिला. काप श्वासाच्या मधोमध घेऊ नये. तुटका श्वास सिंकच्या चुकीपेक्षा जास्त बोचतो. पूर्ण शांतता तर ठेवूच नये, खोलीचा आवाज गेला की कान लगेच टवकारतो.

फोनचं दुखणं वेगळंच. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोड "व्हेरिएबल", म्हणजे बदलता दिसत होता. स्लाइडसाठी दिवे मंद केले की फोनने ३० वरून फ्रेम कमी केल्या होत्या, आणि टाइमलाइन त्या समान अंतराने मांडत होती. अशी फाइल प्रोजेक्टमध्ये घेण्याआधीच शटर एन्कोडरसारख्या फाइल बदलणाऱ्या साधनातून स्थिर २५ फ्रेमच्या प्रोरेझमध्ये (एडिटिंगसाठीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये) बदलून घ्यावी. टाइमलाइनवर एकेक तुकडा ओढत बसलं तर दिवस जातो. बदलताना काही फ्रेम गळतात आणि कॅमेरा फिरवलेल्या शॉटमध्ये हिसका जाणवतो. इथे फोन स्टँडवर होता, त्यामुळे निभावलं.

तेव्हापासून नव्या क्लायंटला दर सांगण्याआधी तीन गोष्टी मागतो: मेसेजिंग अ‍ॅपवरून न आलेल्या मूळ फाइल, चित्रीकरणाच्या सुरुवातीला नि शेवटी एकेक टाळी, आणि कॅमेरा वक्त्यापासून किती लांब होता. टाळी कॅमेऱ्यात दिसलीही पाहिजे. शेवटची टाळी नसेल तर सिंकचे तास कोटेशनमध्ये वेगळे लावतो.