दाराच्या तळाची भोकं

गाडीच्या दारातून पाणी डचमळल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा मला वाटलं आई पाण्याची बाटली खणात विसरली असेल. बाटली नव्हती. दार उघडून जरा हलवलं की आत कुठेतरी अर्धी भरलेली कळशी हलवल्यासारखं व्हायचं. जुलै महिना होता, देवगडात चार दिवस ऊन दिसलं नव्हतं. दारात विहीर लागल्याच्या चेहऱ्याने मी तिठ्यावरच्या मेस्त्रीकडे गेलो.

मेस्त्रीने हत्यारांच्या पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या खराट्याचा एक हीर ओढला, उकिडवा बसला आणि दाराची खालची कड बोटाने चाचपत तो हीर आत घातला. लाल पाण्याची धार लागली. पाठोपाठ चिखलाची गोळी, आंब्याच्या पाल्याचा भुगा आणि एक मेलेला किडा. "भोकां बुजली की दार सडता," एवढंच बोलून तो हात धुवायला गेला. पैसे घेतले नाहीत. त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

दाराच्या तळाला भोकं असतात हे मला माहीतच नव्हतं. काच खाली उतरते ती दाराच्या पोटात. तिच्या कडेचं रबर सगळं पाणी अडवू शकत नाही. मग बनवणाऱ्याने अडवायचा हट्टच धरला नाही. पाणी आत येणार हे धरून चालला आणि त्याला खालून वाट करून दिली. आमच्याकडे गडगा रचणारा गडी खालच्या थरात दोन चिऱ्यांमध्ये फट ठेवतो, तेच डोकं. फट ठेवली नाही तर पहिल्याच पावसात गडगा शेजाऱ्याच्या परड्यात. आणि दारात पाणी साचून राहिलं, वर समुद्राची खारी हवा, की पत्रा किती दिवस टिकणार?

शोरूममधल्या मुलाने यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याने तासभर सनरूफ उघडून-मिटून दाखवलं. माडाखाली गाडी लावणाऱ्या माणसाला काचेचं छप्पर! असो, त्यालाही नोकरी करायची असते.

त्या दिवसापासून मला नादच लागला. आता माझी ओढ इंजिनाकडे कमी आणि असल्या बारीकसारीक गोष्टींकडे जास्त. डिकीच्या बाजूला एक चपटं प्लास्टिक होतं, ते मी दोन वर्षं नुसती शोभा समजत होतो. एकदा फडकं मारताना दाबलं गेलं तर आकडा बाहेर आला. पिशवी अडकवायचा. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, कमाल ३ किलो. ते वाचून मी डिकीच्या कडेवर मटकन बसलो. कारण आदल्याच मे महिन्यात बंदरावरून बांगडे आणि एक सुरमई घेतली होती, पिशवी डिकीत नुसती ठेवली होती, आणि वळणावर ती कलंडली. बर्फाचं पाणी गालिच्यात मुरलं. लिंबू झालं, फिनेल झालं, कॉफीची पूड झाली. तीन आठवडे घरातली मांजरं गाडीभोवती बैठक मारून होती. पावणेतीन किलोची ती खरेदी, आकडा हातभर अंतरावर!

पेट्रोल दाखवणाऱ्या काट्यापाशी पंपाचं चित्र असतं, त्याच्या शेजारी एक इवलासा बाण असतो, तोही मला उशिरा कळला. टाकीचं झाकण ज्या बाजूला, तिकडे त्याचं टोक. (चित्रातला पाइप ज्या हाताला, त्याच बाजूला टाकी, असं छातीठोक सांगणारे भेटतात. ते खरं नाही. बाण असेल तर बाणाचंच ऐकावं.) एकदा मामेभावाची गाडी घेऊन हायवेवरच्या पंपावर उलट्या बाजूला उभा राहिलो. मागे डंपर, वर पाऊस, आणि पंपावरचा पोरगा नुसता हात हलवतोय. गाडी फिरवून रांगेत परत लागेपर्यंत डंपरवाल्याने माझ्या खानदानाची विचारपूस केली. बाण समोरच होता.

हा बाण निघाला तोही पावसातूनच. फोर्ड कंपनीत जिम मॉयलन नावाचे गृहस्थ होते. १९८६ साली कंपनीची एक गाडी घेऊन ते निघाले, पेट्रोल भरायला थांबले, तर टाकी नेमकी पलीकडे. चांगले भिजले. परत येऊन त्यांनी वरिष्ठांना प्रस्ताव लिहिला की काट्याशेजारी एक खूण द्या, माणसाला कळू दे. फोर्डच्या १९८९च्या मॉडेलांपासून बाण आला, आणि बघता बघता इतर कंपन्यांच्या गाड्यांतही गेला. मला त्या माणसाचं अप्रूप वाटतं. भिजलो तर आपण सरकारला, नशिबाला किंवा बायकोला बोल लावतो. यांनी कागद घेतला.

थांबून थांबून फिरणारा वायपरही असाच. तो सुचला रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन इंजिनिअरला. त्यांच्या एका डोळ्याला १९५३ साली, लग्नाच्या रात्रीच, शॅम्पेनचं बूच लागून इजा झाली. पापणी काही सारखी फडफडत नाही, मिटते, उघडते, थांबते. मग वायपरने तरी का नाही? १९६७ साली त्यांना पेटंट मिळालं. पुढे आपली कल्पना न विचारता वापरली म्हणून त्यांनी फोर्डला कोर्टात खेचलं आणि १९९० साली ज्यूरीने कर्न्स यांच्या बाजूने कौल दिला. बाणाचं श्रेय द्यायला गेलो तर हेही सांगायलाच हवं. फोंडा घाटात धुकं उतरतं, धड पाऊस नाही आणि कोरडंही नाही, तेव्हा ती मधली थांबण्याची लय नसती तर कोरड्या काचेवरचं ते किरकिरणं ऐकून मी घाटातच उतरून चालायला लागलो असतो.

सगळंच कोणी विचार करून केलेलं नसतं. एसी कमी करायचा तर माझ्या गाडीत पडद्यावर तीनदा बोट लावावं लागतं, आणि ओलं बोट त्याला समजत नाही. कोकणात चार महिने बोट ओलंच असतं. स्कोडावाले म्हणे पेट्रोलच्या झाकणात बर्फ खरवडायची पट्टी देतात. देवगडात तिचा उपयोग फार तर आइस्क्रीमला.

आईला यातलं काहीही सांगायला गेलं की ती "बरां" म्हणते आणि भाजी निवडत राहते. तिला आवडलेली गोष्ट एकच, दाराच्या वरचं हँडल. गुडघ्यांमुळे ती आधी त्याला धरते, मग बसते, मग सोडते. आधीच्या गाडीचं हँडल टणकन वर आपटायचं आणि ती दर वेळी दचकायची. हे हळूहळू, जीव मुरवत वर जातं. आत त्याची चाल मंद करणारा एक छोटा भाग असतो, असं मी समजावलं. तिने हँडलकडे पाहिलं. "ह्येचेय गुडघे दुखतत वाटता," म्हणाली.

रात्री घरी आलो की मी इंजिन बंद करून दिव्याची दांडी एकदा ओढतो. गाडी कुलूप लावूनही पुढचे दिवे काही वेळ जळत राहतात. बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून, पडवीपर्यंतची वाट उजळते. फुरसं आडवं पडलेलं असलं तर दिसतं. लाइट तर पावसात गेलेलीच असते. तीस सेकंद. बनवणाऱ्याने चालून पाहिलं असेल तर धडधाकट पायांनी पाहिलं असणार. कारण आई बेडं लावते, तुळशीपाशी थांबते, जास्वंदीची कळी चाचपते, आणि ती खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, मध्यावर असतानाच काळोख होतो.

मी परत गाडीत जाऊन दांडी ओढतो.

"कित्याक रे बॅटरी जाळतंस?" खळ्यातून आवाज येतो.