यंदाची सुट्टी: धूळवाफ पेरणी आणि कन्नड वाचन

पाऊस लागला आणि कॉलेज सुरू झालं. खानापूरहून बेळगावला येताना झाडशहापूर, मच्छे, पिरनवाडी अशा गावांच्या पाट्या यंदा मी कन्नडमधून वाचत आले. हे लिहावंसं वाटलं, कारण आमच्या तालुक्यात माझ्यासारख्या मुली पुष्कळ आहेत. घरी मराठी, शाळा मराठी माध्यमाची, बाजारात कन्नड बोलायला अडचण नाही. पण सरकारी कागद हातात आला की दुसऱ्याचं तोंड बघायचं.

शाळेत कन्नड विषय होता. पण तो पेपरापुरता. प्रश्नोत्तरं पाठ करायची, अक्षर सुवाच्य काढायचं, मार्क पडायचे. पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर त्याच्याशी संबंधच उरला नाही.

मे महिन्यात बाबांनी सोसायटीच्या पीककर्जासाठी शेताची पहाणी, म्हणजे आपल्याकडचा जमिनीचा उतारा, काढून आणली. कर्नाटकात 'भूमी' योजनेतून उतारे संगणकावर आल्याला वीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे पहाणी झटकन मिळते. मजकूर मात्र सगळा कन्नडमध्ये. बाबा म्हणाले, "ह्यात माझं नाव कुठं आहे, दाखव बघू." मी बोट ठेवत ठेवत नाव शोधलं. सर्व्हे नंबर सोपा, तो आकड्यात असतो. कर्जाचा बोजा लिहिलेल्या रकान्यापाशी मात्र गाडी अडली. बाबा काही बोलले नाहीत, कागद घेऊन शेजारच्या काकांकडे गेले. आपली जमीन, आपलं कर्ज, आणि ते काय आहे हे शेजाऱ्यानं सांगायचं. मला ते फार लागलं. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला जाणार होते. त्याच रात्री चुलतभावाची जुनी कन्नडची पुस्तकं मागून आणली.

वेळ काढणं अवघड होतं. आमच्याकडे मे अखेर म्हणजे धूळवाफ पेरणीची घाई. वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की नांगरट करून ढेकळं फोडायची, आणि कोरड्या मातीतच भात पेरून मोकळं व्हायचं. मग खरा पाऊस येईल तेव्हा उगवण होते. आमच्या शेतात इंद्रायणी असते, थोडी बासमती घरच्यासाठी. सकाळी लवकर शेतात जायचं, ऊन चढलं की परत. दुपारी आज्जी फणसाचे गरे काढत बसायची, तिच्याशेजारी मी पुस्तक उघडायची. हाताला चीक लागलेला असला की आज्जी पुस्तकाला हात लावू द्यायची नाही, आधी तेल लावून हात पुसायला लावायची.

वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच, क ख ग घ, म्हणून सुरुवात जड गेली नाही. 'न' आणि 'स' सारखे दिसतात, 'व'ला शेपूट फुटली की 'म' होतो, हे सवयीनं जमलं. जोडाक्षरं जड गेली. दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली बसतं, आणि काहींचं खालचं रूप मूळ अक्षरासारखं नसतंच. रफार तर आपल्याकडे डोक्यावर असतो, तिथं तो अक्षराच्या पुढं उजवीकडे येतो. म्हणजे 'कर्नाटक' वाचताना डोळ्यांना आधी 'ना' दिसतो, मग त्याच्या आधी उच्चारायचा 'र्'. रोज बसवर लिहिलेला हा शब्द मी तोवर पाहूनच ओळखायची, वाचत नव्हते. ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए'मध्ये माझी अजूनही गल्लत होते.

पुस्तकापेक्षा खरी मदत झाली ती छापील कागदांची. लाईट बिल, खताच्या पोत्यावरचा मजकूर, रेशन दुकानातला फलक. हे शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात. कोणी शिकणार असेल तर मी हेच सांगेन: गोष्टींच्या पुस्तकाआधी घरातले कागद घ्या. त्यातले बरेचसे शब्द आपल्या ओळखीचेच निघतात.

पेरणी संपता संपता मी तीच पहाणी पुन्हा घेतली आणि बोज्याचा रकाना बाबांना वाचून दाखवला. सोसायटीचं नाव, रक्कम. बाबांनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी आईलाही बोलावलं.

कॉलेजमध्ये पहिल्याच आठवड्यात शिष्यवृत्तीची सूचना लागली, वर इंग्रजी शीर्षक आणि खाली सगळं कन्नड. नेहमी आम्ही घोळका करून कन्नड माध्यमाच्या मैत्रिणीची वाट बघत थांबतो. या वेळी मीच वाचली, कोणती कागदपत्रं लागतात ते वहीत उतरवून घेतलं आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याच शनिवारी नाड कचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल खात्याच्या कचेरीत, गेले. तिथला अर्जही स्वतः भरला, एका रकान्यापुरतं विचारावं लागलं.

हातानं लिहिलेलं कन्नड मला अजून लागत नाही. जुन्या फेरफारांच्या नोंदी सगळ्या हातानं लिहिलेल्या आहेत, आणि आजोबांच्या वेळचे कागद घरातल्या पेटीत पडून आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ते बाहेर काढायचे आहेत. तोवर बसमध्ये जागा मिळाली की कन्नड पेपरचे मथळे वाचते, खिडकीकडची सीट असेल तर आतली बातमीही.