गिफर्ड व्याख्यानं: अट एकच, पण कडक

स्कॉटिश न्यायाधीश अ‍ॅडम गिफर्ड यांनी १८८५च्या मृत्युपत्रात एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन आणि सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांत ईश्वरविषयक व्याख्यानं व्हावीत म्हणून ८०,००० पौंड ठेवले. १८८८पासून व्याख्यानं सुरू झाली. वक्ता कुठल्याही धर्माचा असो, निधर्मीही चालेल. मात्र ईश्वराचा विचार खगोलशास्त्र किंवा रसायनशास्त्रासारखा करायचा, साक्षात्काराचा आधार घ्यायचा नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळेच एडिंग्टनसारखे भौतिकशास्त्रज्ञही इथे बोलले.

गाडी अडते ती भाषेपाशी. व्याख्यानं सर्वांना खुली हवीत, असं मृत्युपत्रच सांगतं. तरी १९२८मध्ये एडिंबरात तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांनी स्वतः घडवलेल्या संज्ञांची अशी रास घातली, की मूठभर श्रोतेच उरले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांची तिथलीच वीस व्याख्यानं मात्र माणसांच्या प्रत्यक्ष अनुभवकथनांवर उभी होती.