आमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? तुम्ही विचारलंत म्हणून

ठिबक सिंचनाच्या कामामुळं सातारा-सांगलीच्या गावांतून माझं सारखं फिरणं असतं, आणि एकदा का लोकांना कळलं की हा माणूस जुन्या दगडांचे नि विहिरींचे फोटो काढत हिंडतो, की चहा यायच्या आत एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, आमच्या गावात काय हाय का बघण्यासारखं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता विचारणाराच पुढं सांगून टाकतो, "आमच्यात काय न्हाय वो, किल्ला न्हाय का लेणं न्हाय, इतिहास सगळा तिकडं साताऱ्यात नायतर प्रतापगडाला." पुण्यात नोकरीला असलेली पोरं फोन करून हेच विचारतात, फक्त जरा शुद्ध भाषेत. तर आता सगळ्यांना एकदमच सांगतो.

आहे. पण तुम्ही राजा शोधताय म्हणून ते दिसत नाही. गावाचा इतिहास म्हणजे गाव कशावर जगलं, कुणी कशासाठी जीव दिला, पाणी कसं काढलं, धान्य कुठं लपवलं, पाऊस नाही आला तेव्हा माणसं कुठं गेली, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची खूण जाग्यावर असते.

आधी मारुतीच्या देवळामागं जा. नाहीतर वेशीजवळ, पाराखाली, ओढ्याच्या काठाला. कमरेएवढा उभा दगड, पुढच्या बाजूला आडवे कप्पे पाडून चित्रं कोरलेली, वर शेंदूर नाहीतर ऑइलपेंटचे थर, कुणी त्याला म्हसोबा म्हणतं, कुणी नुसतंच वीर. तो वीरगळ. बहुतेक वेळा तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई नाहीतर आडवा पडलेला माणूस, मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत, त्याच्या वर तोच माणूस हात जोडून शिवलिंगापुढं बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. यादव, शिलाहारांच्या काळापासूनचे असे दगड आपल्याकडं गावोगाव आहेत, आणि गंमत बघा, नाव राहील म्हणून उभा केलेल्या या दगडांवर बहुतेक ठिकाणी नावच कोरलेलं नसतं.

खटाव तालुक्यात एका गावी बघितलेला दगड सांगतो. खालच्या कप्प्यात पडलेल्या माणसाच्या डोक्याशी तीन गाई, एकीची शिंगं अजून बोटाला लागतात, मधल्या गाईच्या पोटाखाली वासरू. दगडाच्या उजव्या कडेला मात्र हात घालता येईल एवढा गुळगुळीत खळगा, कारण पिढ्यानपिढ्या बायाबापड्यांनी जाता जाता विळे त्याच्यावर घासलेत. आता या गाई कशाला कोरल्या? तर त्या काळात दुसऱ्या गावावर धाड टाकायची म्हणजे आधी गुरं पळवायची, कारण गुरं म्हणजेच गावाची दौलत, नांगर थांबला की गाव संपलं. ती गुरं सोडवायला गेलेला माणूस परत आला नाही, म्हणून गावानं हा दगड उभा केला. तो कुठल्या गादीसाठी मेला नाही, शेजाऱ्यापाजाऱ्याच्या गाईबैलांसाठी मेला. कित्येक वर्षं झाली असतील, तरी अमावास्येला तिथं नारळ फुटतो, फोडणाऱ्याला माहीत नसतं कुणासाठी, पण फोडायचा हे माहीत असतं. मला विचाराल तर याच्यापेक्षा मोठा इतिहास कुठल्या किल्ल्यावर मिळेल असं मला वाटत नाही.

शेजारीच कधीकधी दुसरा दगड असतो, त्यावर कोपरात वाकवलेला, पंजा वर केलेला हात, हातात बांगड्या. ती सतीची शिळा. त्यात कौतुक करण्यासारखं काहीच नाही, एक जिवंत बाई जळाली एवढाच त्याचा अर्थ, आणि म्हणूनच तो दगड तिथून हलता कामा नये.

आता विहिरी. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे (मोट म्हणजे बैलांनी पाणी ओढायची कातड्याची मोठी पिशवी), बऱ्याच जणांनी बघितली असेल, अष्टकोनी, पलीकडं जोडविहीर, मध्ये दगडी पूल आणि त्या पुलावर चक्क महाल, म्हणजे खाली पाणी नि वर बसायची खोली. ती बांधली थोरल्या शाहू महाराजांच्या राजवाड्यातल्या वीरूबाईंनी. या बाई साध्या नव्हत्या, राजवाड्याचा सगळा कारभार त्यांच्या हातात होता आणि अक्कलकोटच्या गादीचे फत्तेसिंह भोसले यांना त्यांनीच पोटच्या पोरासारखं वाढवलं. तर या विहिरीबद्दल ठिकठिकाणी लिहिलेलं सापडतं की ती इसवी सन १६४१ ते १६४६ मध्ये बांधली. आता जरा बोटांवर मोजून बघा. १६४१ साली शिवाजी महाराज ११ वर्षांचे होते. शाहू महाराजांचा जन्म १६८२ चा. मग त्यांच्या वीरूबाईंनी ४० वर्षं आधी विहीर कशी बांधली? तर तो आकडा शकाचा आहे. शके १६४१ ते १६४६, त्यात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४, आणि मग सगळं बरोबर बसतं, कारण तेव्हा शाहू महाराज साताऱ्यात गादीवर होते.

एवढं सविस्तर अशासाठी सांगितलं की हे ७८ तुमच्याही गावात उपयोगी पडतात. देवळाच्या उंबऱ्यावर, बारवेच्या चिऱ्यावर, जुन्या वाड्याच्या चौकटीवर आकडा दिसला आणि वर शके असेल, किंवा आकड्याची सुरुवात १६, १७ नं होत असेल, तर त्यात ७८ मिळवून बघा आणि त्या सुमाराला काय चाललं होतं ते आठवा. शके १७९८-९९ च्या आसपासचा आकडा असेल तर ती मोठ्या दुष्काळाची वर्षं, १८७६ ते १८७८. त्या सालात कुणी विहीर खणली असेल तर ती हौसेनं खणलेली नाही एवढं नक्की.

आणि साध्या, बिनआकड्याच्या विहिरीवर पण पाच मिनिटं थांबा. काठावर पुढं आलेले दोन दगड दिसतील, मोटेचं चाक त्यावर बसायचं. त्याच्यामागं दगडी डोणी असते, मोट वर आली की पाणी त्यात पडायचं, ते थारोळं, तिथून पाट. विहिरीपासून लांब उतरत जाणारी मातीची पट्टी असते ती धाव, बैल तिच्यावरून खाली गेले की भरलेली मोट वर यायची, आणि मग त्याच बैलांना पाठमोरं मागं चालत आणायचं, दिवसभर हेच. इंजिनं आली, मग वीज आली, मोट गेली, कातडं गेलं, नाडा गेला, पण धाव कित्येक ठिकाणी तशीच आहे, आता तिच्यावर ट्रॅक्टर उभा असतो. गावात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना नुसतं विचारा, "आण्णा, मोट हाणली का हो कधी?" आणि मग हातातलं काम बाजूला ठेवा, कारण बैलांच्या नावापासून सुरुवात होते आणि मोटेवरच्या गाण्यापर्यंत जाते.

वर काही दिसत नाही पण खाली आहे, असंही असतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र घागरीसारखं रुंद होत गेलेलं. तिथली माती अशी चिवट की पाणी आत झिरपत नाही, वरून पाला-माती घालून तोंड बंद केलं की हवा नाही, म्हणून कीड नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. सांगलीचा हळदीचा बाजार नुसत्या अडत्यांच्या हुशारीवर मोठा झालेला नाही, या मातीवरही झालाय. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवतात, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात, ज्योत विझली तर आत श्वास घ्यायला हवा नाही, थांबायचं, ज्योत राहिली तरच माणूस उतरतो. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं पाण्याखाली जाऊन निकामी झाली. आणि पेव म्हणजे फक्त हरिपूर असं नाही, धान्याची पेवं आपल्याकडं जुन्या वाड्यांच्या अंगणात, सोप्यात असायची. तुमच्या आजीला विचारा, ज्वारी कुठं ठेवायचे. फरशी घालताना बुजवलेलं निघेल.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागं घाटावर पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली, ती बघितली नसेल तर बघून या. आणि संगम माहुलीला नदीकाठी शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी, शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. राजाच्या समाधीच्या गावात कुत्र्याची समाधी टिकते ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

दगडमातीत नसलेलाही इतिहास असतो आणि तो विचारायचं लोकांना सुचतच नाही. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया नटूनथटून वाजतगाजत ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहतात आणि हातवारे करून समोरच्या गावच्या बायांना शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. वर्षभर जिला तोंड उघडायची सोय नाही ती बाई त्या दिवशी भरल्या लोकांत ओरडून बोलते आणि तिला कुणी अडवत नाही, आणि बार संपला की दोन्ही गावांत भांडण म्हणून काही उरत नाही, हेही तितकंच खरं. लोक व्हिडिओ बघून हसतात. मला तरी त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कुणीतरी कधीतरी फार विचार करून ठेवलेली व्यवस्था दिसते.

आणि विट्याच्या, आटपाडीच्या बाजूला जाल तेव्हा दिवाळीत नाहीतर जत्रेत जा. गल्लीत तामिळनाडू, केरळ, यूपी, बंगालच्या नंबरप्लेटी दिसतील. ही गलाईवाल्यांची गावं. खानापूर, आटपाडी हा कायम अवर्षणाचा पट्टा, शेतीवर भागेना म्हणून माणसं सोनं-चांदी गाळायचं काम शिकली आणि देशभर पसरली, सराफकट्टा आहे तिथं गलाईची भट्टी आहे आणि भट्टीवर आपल्याकडचा माणूस आहे. पहिला गेला त्यानं भावाला नेलं, भावानं मेव्हण्याला, असं करत एकेक भावकी एकेका शहरात जाऊन बसली. घरात पोरं आईशी मराठी बोलतात आणि आपसात तमिळ. हे लिहून ठेवलंय का कुणी तुमच्या गावात, पहिला कोण गेला, कुठल्या साली, कुणाकडून पैसे उसने घेऊन गेला? त्याची सून अजून असेल, तिला माहीत असेल. विहिरीचा आकडा शंभर वर्षांनी पण वाचता येईल, म्हातारीला मात्र याच दिवाळीत विचारायला पाहिजे.

आता ज्याच्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. गावोगाव जीर्णोद्धार चाललेत. देऊळ मोठं व्हावं, गावाची हौस आहे, माझी त्याला ना नाही. पण एका गावात (नाव घेत नाही) सहा वीरगळ होते, मी फोटो काढले होते, पुढच्या वेळी गेलो तर पाच नव्हते, ते सभामंडपाच्या पायात भर म्हणून टाकलेले, आणि उरलेल्या एकावर टाईल्स. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माहीत नव्हतं इतकंच. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून तुमच्या गावात देवळाचं काम निघणार असेल तर आधी हे करा. सगळ्या जुन्या दगडांचे फोटो काढा, भर दुपारी नाही, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, कारण तिरक्या उजेडात झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं, आणि नाहीच जमलं तर अंधार पडल्यावर मोबाईलची बॅटरी एका बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा, दिवसा न दिसणारं अक्षरसुद्धा दिसेल. दगड कुठं होता, तोंड कुठल्या दिशेला, उंची किती, जागा कुणाची, वहीत लिहा. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट लांब ठेवा. अक्षरं दिसली तर फोटो जिल्ह्याच्या संग्रहालयात नाहीतर पुरातत्त्व खात्याकडं पाठवा, कागद मोडी असेल तर मोडी वाचणारे आहेत, रद्दीत घालू नका. पाया खणताना नाणी, तांब्याचे पत्रे निघाले तर ते वाटून घेऊ नका आणि सोनाराकडं तर अजिबात नेऊ नका, १८७८ च्या निखात निधी कायद्यानं ते कलेक्टरला कळवावं लागतं, आणि तांब्याचा पत्रा म्हणजे ताम्रपट असला तर गावाचं नाव त्यात असू शकतं. आणि जीर्णोद्धार समितीची मीटिंग असेल तेव्हा मागं उभं न राहता पुढं बसा आणि एवढा एक ठराव लिहून घ्या, की जुने दगड पायात टाकायचे नाहीत, सिमेंटमध्ये गाडायचे नाहीत, कंपाउंडच्या आत भिंतीकडेला उभे करायचे. खर्च काही येत नाही, एक जेसीबी अर्धा तास लागतो.