ड्राइव्हला कशाला शिव्या देता
काल भोसरीत एका जुन्या व्हीएमसीचे (धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं उभं मिलिंग मशीन) ॲनालॉग ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारे डबे, काढून डिजिटल बसवले, आणि वाय ॲक्सिस (टेबल पुढे-मागे सरकवणारी मोटर) ऑन केला तर नुसता गुणगुणतोय, टेबलवर हात ठेवला तर थरथर जाणवतेय. पूर्वी बरं होतं म्हणावं का, कंट्रोलरकडून उणे १० ते अधिक १० व्होल्टची कमांड यायची आणि आपण बारीक स्क्रूड्रायव्हरने पॉट (सेटिंग बदलायचा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवत बसायचो, मशीन तापलं की सेटिंग हललंच. आता सगळं आकड्यांत. ड्राइव्हमध्ये सगळ्यात आत करंट लूप, म्हणजे मोटरचा करंट सतत मोजून दुरुस्त करणारं चक्र, तो सेकंदाला हजारो वेळा हिशोब करतो, त्याच्यावर स्पीड, त्याच्यावर पोझिशन. मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर १७ बिटचा, म्हणजे एका फेऱ्याला १,३१,०७२ काउंट. (पण मशीनच्या स्क्रूत ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, असेल तर एवढ्या बारकाईचं लोणचं घाला.)

ऑटो ट्यूनिंगने (ड्राइव्हने स्वतःच केलेल्या सेटिंगने) गेन, म्हणजे चूक किती जोरात सुधारायची ते प्रमाण, जरा जास्तच चढवलाय असं वाटलं, म्हणून लॅपटॉप जोडून करंटचा ग्राफ बघितला, ४०० हर्ट्झच्या आसपास मस्त शिखर दिसलं. तिथे नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा) टाकला, आवाज बंद, ऑपरेटर खूश. पण मला काही चैन पडेना, शेवटी कव्हर उघडलं तर मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा एक बोल्ट बोटाने फिरतोय! आवळला, फिल्टर काढून टाकला, गेन आहे तसाच ठेवला. गप्प.