आयलाचं वीतभर पीट

Islay, स्कॉटलंडमधलं व्हिस्कीचं बेट. उच्चार इस्ले नव्हे, आयला. नोव्हेंबरात तिकडे कशाला, असं ग्लासगोतल्या ओळखीच्यांनी दोनदोनदा विचारलं होतं. पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे मुख्य भूमीवरच्या केनाक्रेग बंदरातून बोटच सुटली नाही. दुसऱ्या दिवशी सुटली. दोन तास पोटात ढवळत होतं, आणि पोर्ट एलनला उतरलो तर पाऊस आडवा.

इथून लाफ्रॉयग, लागावुलिन, आर्डबेग या तीन व्हिस्की डिस्टिलरी एकाच पायवाटेवर, जेमतेम पाच किलोमीटरांत. आम्ही लाफ्रॉयगलाच अडकलो. मेअखेरच्या महोत्सवात बेटावर पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आमच्या टूरला मी, नवरा आणि एक जर्मन आजोबा. त्यामुळे माहिती सांगणाऱ्या मुलीला घाई नव्हती.

लांबलचक खोलीत जमिनीवर ओले जव पसरले होते. आपण मटकीला मोड आणतो तसेच, पण टनावारी. ‘हात घाला,’ ती म्हणाली. बाहेर बोटं गारठलेली, आणि आत धान्य चक्क कोमट! मोड येताना दाणे तापतात, मुळं एकमेकांत गुंततात, म्हणून रात्रंदिवस उलटत राहावं लागतं. मला तिथून हलवेना.

मग भट्टी. तिच्यात पीट जळतं. त्याच धुरावर ते जव वाळतात, आणि व्हिस्कीला तो आयोडिनसारखा, ओल्या राखेसारखा वास लागतो. तिने पीटचं एक सुकं ढेकूळ हातात दिलं. दिसायला शेणीसारखं, वजनाला हलकं. दलदलीत शेवाळ, गवत अर्धवट कुजून पीट साचतं, वर्षाला साधारण 1 मिलिमीटर. ही डिस्टिलरी 1815 ची. म्हणजे ती सुरू झाल्यापासून आजपर्यंत साचलं असेल ते वीतभर! आणि समोर फावड्या-फावड्याने जळत होतं.

मला ही व्हिस्की मनापासून आवडते. तरी त्या दिवशीचा घोट घशात अडखळला. मी तिला विचारलं, वाईट नाही वाटत? ‘आजी घरात हेच जाळायची,’ ती म्हणाली. तिचंही खरं होतं. इथे झाडं फारशी नाहीतच.

पुढचे दोन दिवस पाऊस, सूप आणि ग्रीनलंडहून हिवाळ्याला आलेले हजारो हंस.

परतायच्या आदल्या दिवशी बसने बोमोरला गेलो. तो सरळसोट रस्ता पीटवरच टाकलेला आहे, त्यामुळे बस सारखी हेलकावे खाते. दोन्ही बाजूंना पीट कापलेले चर, त्यांत काळं पाणी. चरांची खोली मी खिडकीतून वितींनी मोजत होते.